ऐंशी चिरा

लिपीवाल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, पत्र अलगद टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "खरं सांगू का? मला ही पत्रं खोटी वाटायला लागलीयेत."

डिंकीच्या हातातला ब्रश तिथल्या तिथे थांबला. खोटी? अहो, ही पत्रं ती आठ वर्षांची असल्यापासून बघत आली होती!

डिंकी हे काही तिचं खरं नाव नाही. बाप याच संग्रहालयात कागद दुरुस्त करायचा. ही शाळा सुटली की त्याच्या टेबलाखाली येऊन बसायची, हातपाय, फ्रॉक, केस सगळं खळीने चिकट करून घ्यायची, आणि घरी जायची वेळ झाली की टेबलाच्या पायाला मिठी मारायची. "डिंक आहे नुसता," म्हणून बापाने नाव पाडलं, ते पडलंच. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती. तीच खोली, तेच टेबल, हाताखाली चार माणसं, सगळे तिला वचकून असायचे. पण घरी गेली की डिंकी ती डिंकीच.

"खोटी कशी असतील?" ती म्हणाली. "इतकी वर्षं आपल्याकडे आहेत."

"खोटी वस्तू जास्त वर्षं ठेवली म्हणून खरी होते का हो?" बाई हसल्या. त्या मनाने वाईट नव्हत्या. जुनी वळणदार अक्षरं वाचण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता, आणि सहा महिने रोज खोलीत बसून त्यांनी ही एकवीस पत्रं ओळ न् ओळ लावली होती.

पत्रं होती प्लेगच्या साथीतली, काही शतकांपूर्वीची. एक औषधवाली होती, विधवा, तिचं औषधांचं छोटंसं दुकान होतं. साथ आली तशी तिला नदीपलीकडच्या रोग्यांच्या घरात शुश्रूषेला नेऊन ठेवलं. आत गेलेल्या माणसाला साथ संपेपर्यंत बाहेर सोडत नसत. घरी दहा वर्षांची लेक, एकटीच, शेजारणीच्या भरवशावर. म्हणून ही आई रोज थोडं थोडं लिहायची आणि आठवड्याला एक पत्र धाडायची. पंधरा दिवसांनी संग्रहालयात जुन्या साथींचं आणि त्यांच्यावरच्या औषधांचं प्रदर्शन उघडणार होतं. चोचीचे मुखवटे होते, धुरीची भांडी होती, गळ्यात बांधायच्या वासाच्या पुड्या होत्या. पण प्रदर्शनाचा जीव होता तो या पत्रांत.

"ही ओळ ऐका," बाई म्हणाल्या, आणि वाचू लागल्या. "'पत्र हातात घेशील तेव्हा त्याला चिरा दिसतील, चार. घाबरू नकोस. फाटकावरचा माणूस घडी घातलेल्या पत्रावर पटाशीचे दोन घाव घालतो आणि मग ते धुरावर धरतो, म्हणजे आतला रोग चिरांतून निघून जातो. रोग गेला की उरते ती मीच. बिनघोर छातीशी धर.' बरं का? आणि हे काही एकाच पत्रात नाही, तीन ठिकाणी लिहिलंय. आता मला सांगा, कुठेयत त्या चिरा?"

डिंकीने पत्र बघितलं. कागद अखंड होता. नुसता अखंड नव्हे, स्वच्छ, सपाट, इस्त्री केल्यासारखा.

"नंतर कुणीतरी बसून नक्कल केलेली दिसतेय," बाई म्हणाल्या. "फार छान केलीय, पण नक्कलच. संचालकांना सांगितलंय मी. सोमवारी ठरवू म्हणाले. शंका असलेली वस्तू ते काचेत ठेवत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे."

डिंकीला एक जुना हिवाळा आठवला. ती टेबलाखाली बसलेली, वर बापाचा हात ब्रश घेऊन हळूहळू फिरतोय, आणि बाप स्वतःशीच पुटपुटतोय, "कोण दुष्ट माणूस होता कुणास ठाऊक. एवढ्या नाजूक कागदाला भोसकलंय मेल्याने."

आता इथे बापाच्या धंद्याची रीत सांगायला हवी, नाहीतर त्याची चूक समजायची नाही. बापाला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, आपण दुरुस्त करतो तो कागद वाचायचा नाही. वाचलं की डोळा अक्षरांमागे पळतो, मन गुंततं आणि हात हलतो. म्हणून बाप पत्र नेहमी उलटं ठेवायचा, अक्षरं डोक्यावर उभी. चाळीस वर्षांत त्याच्या हाताखालून हजारो पत्रं गेली, त्यांतलं एकही त्याने वाचलं नाही. त्याला फक्त फाटलेलं दिसायचं. आणि फाटलेलं दिसलं की त्याला राहवायचं नाही.

त्याने त्या सगळ्या चिरा भरल्या होत्या. त्याच काळातल्या कोऱ्या कागदाचा लगदा करून, तंतूला तंतू जुळवून, खळीचा थेंब सुईच्या टोकाने लावून. वर पाण्याच्या ताटात घालून सगळे डागही काढले होते. धुराचे, रोग घालवायला शिंपडलेल्या व्हिनेगरचे, सगळे. ज्याने पत्रांची खूण पटली असती, ते सगळं बापाने धुऊन पुसून लख्ख करून टाकलं होतं. बाई, बाई, बाई! डिंकीला त्या क्षणी हसावं की रडावं कळेना.

जुनी कामाची वही तिने काढून बघितली. बापाच्या ठसठशीत अक्षरात एवढंच होतं: 'एकवीस पत्रं. स्वच्छ केली. दुरुस्त केली.' काय दुरुस्त केलं, कुठे केलं, काही नाही. मग तिने एकेक पत्र प्रकाशाच्या टेबलावर घेतलं, दिवा आडवा धरून बघितलं, भिंग लावून बघितलं. कुठे काही असल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा नाहीसं व्हायचं. अंदाजाने पातं लावलं आणि जागा चुकली, तर खऱ्या पत्राला नवी जखम. तिने पातं परत डब्यात ठेवलं.

त्या चिरा कुठे आहेत हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि त्याला विचारायचं म्हणजे त्याला सांगायचं, की बाबा, तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ही तुमची सगळ्यात मोठी चूक होती.

"खबरदार!" आई म्हणाली.

डिंकी आईबापांपासून दोन गल्ल्या सोडून राहायची आणि रोज संध्याकाळी बापाच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला यायची. बाप आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होता. मायलेकी स्वयंपाकघरात दार लोटून उभ्या होत्या, आणि आईच्या हातात चमचा होता, तो तिने हत्यारासारखा धरला होता.

"अगं पण आई—"

"पण नाही नि बिण नाही. डोळे गेले त्यांचे. हात कापतात, चहाची बशी धरवत नाही. काय उरलंय त्या माणसाकडे? बाहेरच्या भिंतीवर ते सन्मानपत्र आहे ना, 'न दिसणाऱ्या दुरुस्तीसाठी', ते उरलंय. दिसत नाही तरी येता-जाता त्याच्या चौकटीला हात लावतात. आणि तू जाऊन सांगणार, चुकलात म्हणून? कशापायी? चार जुन्या कागदांपायी?"

"एकवीस."

"मला मोजणी शिकवू नकोस."

"नाही सांगितलं तर ती पत्रं खोटी ठरतील, आई. त्या बाईने जीव धोक्यात घालून लेकीला लिहिलं, आणि आपण म्हणणार, कुणीतरी नक्कल केलीय. अशी कुणी बाई नव्हतीच म्हणणार."

"ती मेली कधीच," आई म्हणाली. पण आवाज उतरला होता. "तिला काय फरक पडतो? माझा माणूस जिवंत आहे."

खरं तर आईचंही चूक नव्हतं. डिंकीने गप्प राहायचं ठरवलं असतं तर बापाला आयुष्यात कधी कळलं नसतं. त्याने सुखाने चौकटीला हात लावला असता, पत्रं तळघरातल्या पेटीत गेली असती आणि कुणाचंच काही बिघडलं नसतं. शुक्रवारी दिवसभर तिने स्वतःला हेच समजावलं. पण प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांसमोर एक दहा वर्षांची पोर यायची, चिरा पडलेलं पत्र छातीशी धरून बसलेली. तिला खोटं कसं म्हणायचं?

शनिवारी ती आली, बापाला खुर्चीत बसवलं, मान मागे करायला लावली आणि थेंब घालू लागली.

"काय गं डिंके," बाप म्हणाला, "आज थेंब गालावर पडतायत. हात कुणाचा कापतोय, तुझा का माझा?"

"डोळे मिटा. पाच मिनिटं उघडायचे नाहीत."

"माहितीय. रोज तेच सांगतेस."

बापाने डोळे मिटले. आणि डिंकीने सांगून टाकलं. डोळे उघडे असते तर तिच्याच्याने झालं नसतं. तिने फाटकावरच्या माणसाचं सांगितलं, पटाशीचं सांगितलं, धुराचं सांगितलं. भोसकणारा दुष्ट माणूस कोणी नव्हताच बाबा, ते औषध होतं, पत्राला दिलेलं औषध. आणि ते तुम्ही बंद केलंत.

बापाच्या गालावरून ओघळ खाली येत होता, तो औषधाचा होता की कशाचा, तिने बघितलं नाही.

"किती मिनिटं झाली?" त्याने विचारलं.

"तीन."

"म्हणजे अजून दोन आहेत." मग थांबून म्हणाला, "काय लिहिलंय गं त्यात? मी कधी वाचलंच नाही."

बाईंनी उतरवून काढलेले कागद तिच्या पिशवीतच होते. ती वाचू लागली. दोन मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला, बापाने डोळे काही उघडले नाहीत.

औषधवाली मोठी बोलकी होती हो! एकेका औषधाचा समाचार घ्यायची. लसूण आणि लवंगा घालून मुरवलेलं व्हिनेगर रुमालाला लावते, लिहायची, रोग जातो का माहीत नाही पण मोठे वैद्य चार हात लांब राहतात, तेवढाच आराम. काखेतल्या गाठीवर भाजलेला कांदा बांधतो, त्याने ऊब मिळते आणि रोग्याला वाटतं कुणीतरी काहीतरी करतंय, म्हणून मी तो रोज बांधते. एका पत्रात कोंबडीची हकिगत होती. तिथल्या थोरल्या वैद्याने सांगितलं होतं, कोंबडीच्या बुडाची पिसं काढा आणि ती जिवंत गाठीवर बसवा, विष ओढून घेईल. 'चार जणांनी धरून बसवली,' औषधवालीने लिहिलं होतं. 'कोंबडी भीतीने मेली. रोग्याने डोळे उघडून विचारलं, आता हिचं सूप करणार का? तो आज उठून बसलाय. वैद्य म्हणतात, बघा, गुण आला.'

बाप खो खो हसला. स्वयंपाकघराच्या दारात आई कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक, तीही पदर तोंडाला लावून हसली, आणि लगेच कामात असल्यासारखं दाखवू लागली.

पण जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी लेकीसाठी काहीतरी असायचंच. केस विंचरतेस का. कडू काढा नाक धरून पी, मी बघत नाही म्हणून ओतून देऊ नकोस, मला कळतं. तुझ्या वासाचा तो जुना झगा मी उशाखाली घेऊन झोपते, इथल्या सगळ्या औषधांत मला त्याचाच गुण येतो.

"आणि शेवटचं?" बापाने विचारलं.

डिंकी अडखळली. "शेवटच्यावर तारीख नाही. दोनच ओळी आहेत. बाई म्हणतात, तापात लिहिलंय बिचारीने. त्यानंतर पत्र नाही."

"वाच."

"'मी दारात उभी आहे. घसा पार बसलाय, हाक मारता येत नाही. घाबरू नकोस, दार उघड.'"

आईने पदराने डोळे पुसले आणि उगाच रागावून म्हणाली, "म्हणजे पोर एकटीच राहिली की! पलीकडे मरायला टेकलेली आणि हिला वाटतंय घराच्या दारात उभी आहे. कशाला वाचलंस गं हे?"

बापाने डोळे उघडले. त्याच्या नजरेत मध्यभागी कायम धुकं असायचं, तो माणसाच्या कानाकडे बघून बोलायचा. डिंकीच्या कानाकडे बघत तो म्हणाला, "तिने लेकीला सांगितलं होतं, चिरांना घाबरू नकोस. मला कुणी सांगितलं नाही गं. मी आपला घाबरलो आणि सगळं मिटवून टाकलं." मग गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "ऐंशी. ऐंशी चिरा भरल्या मी. सबंध हिवाळा गेला."

"चौऱ्याऐंशी, बाबा. एकवीस पत्रं, प्रत्येकाला चार."

"ऐंशी."

डिंकीने मान डोलावली. वय झालं, एवढ्या वर्षांपूर्वीची गोष्ट, चार इकडे-तिकडे व्हायचेच. आई मात्र दारातून म्हणाली, "औषध घेतलं का ते विसरतील, लग्नाची तारीख तर दरवर्षी विसरतात, पण केलेल्या कामाचा आकडा नाही हो चुकायचे." बोलता बोलता आपण कुणाची बाजू घेतोय हे तिच्या लक्षात आलं, तशी ती आत निघून गेली.

सोमवारी सकाळी डिंकी न्यायला आली तेव्हा बाप तयार होऊन बसला होता. आईने इस्त्री केलेला सदरा, भांग पाडलेला, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. आईने त्याला जिना उतरवून दिला. डिंकीशी ती अजून धड बोलत नव्हती. पण गाडीच्या खिडकीतून तिच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाली, "रडवू नकोस त्यांना चारचौघांत."

दुरुस्तीखोलीत शिरताच बापाने नाक वर करून वास घेतला. "खळ जास्त शिजवलीय कुणीतरी," तो म्हणाला, आणि कोपऱ्यातली एक मदतनीस बाई लाजून पातेलं झाकू लागली. त्याला कुणी हात धरून न्यायची गरज पडली नाही. सरळ जाऊन आपल्या टेबलाशी बसला. लिपीवाल्या बाई समोर होत्या, संचालक घड्याळ बघत दाराशी उभे होते.

"बाई," बाप म्हणाला, "पत्रं खरी आहेत. चूक माझी आहे. आधी ती लिहून घ्या, मग पुढचं."

डिंकीने पहिलं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. सवयीने त्याने ते उलटं फिरवलं. मग दोन्ही हातांची मधली बोटं कागदावर टेकवली आणि डोळे मिटून ती फिरवू लागला. इतर वेळी चहाची बशी खुळखुळवणारे हात होते ते. कागदावर आल्यावर त्यांचं कापणं एवढं कमी झालं, की डिंकीला आपल्या लहानपणी टेबलाखालून दिसायचे तेच हात आठवले.

"इथे," तो म्हणाला. "बोटाच्या पेराएवढी. कागद या जागी किंचित जास्त जाड आहे. पाणी लाव, अगदी थेंबभर. आणि पातं नको, हाडाची पट्टी घे."

ती पाणी लावून थांबली. तो तिच्या मनगटावर एक बोट ठेवून होता. "अजून नाही... अजून नाही... आता."

पट्टीचं टोक आत शिरलं. भरलेला लगदा पापुद्र्यासारखा सुटून आला आणि कागदाला चीर पडली, सरळ, नेमकी, पटाशीच्या पात्याची. तिच्या कडा तपकिरी होत्या. वरचा धूर बापाने धुऊन काढला होता, पण कडेत खोल मुरलेला धूर त्याच्याच लगद्याखाली झाकून राहिला होता, इतकी वर्षं जसाच्या तसा.

लिपीवाल्या बाईंनी भिंग घेतलं, वाकल्या आणि कितीतरी वेळ वर बघितलंच नाही. "अगं बाई," शेवटी म्हणाल्या, "ही तर खरंच धुरावर धरलेली आहेत. आणि मी सहा महिने खपून यांना खोटं म्हणत होते!" संचालक दारातून आत आले, घड्याळ विसरले आणि स्टूल ओढून बसले.

दुपारपर्यंत काम चाललं. सगळ्या चिरा आजच उघडायच्या नव्हत्या. बाप जागा सांगायचा, डिंकी वर ठेवलेल्या पातळ कागदावर पेन्सिलीने खूण करायची. चार, आठ, बारा. मधे चहा झाला, तो त्याला बशीशिवाय पेल्यात दिला. विसाव्या पत्राशी ऐंशीवी खूण झाली. मग डिंकीने शेवटचं पत्र ठेवलं, बिनतारखेचं.

बापाची बोटं फिरू लागली. वरून खाली, पुन्हा खालून वर. त्याने कागद पालटला आणि मागची बाजू चाचपली. कपाळाला आठ्या पडल्या.

"दमलात का?" डिंकीने हळूच विचारलं. "थोडं थांबूया."

"याला नाहीत," बाप म्हणाला.

"नसतील सापडत. हा कागद जरा—"

"सापडत नाहीत असं नाही गं. नाहीतच. माझं काम मला कळणार नाही होय? याची फक्त ही एक कड नीट केली होती मी." त्याचं बोट कागदाच्या खालच्या कडेवर आलं आणि तिथे थांबलं. "ही. घासून घासून दोरे सुटले होते. फरशीवर ओढल्यासारखे. बाकी कागद धडधाकट होता. ऐंशी म्हटलं ना मी तुला?"

डिंकीने पेन्सिल खाली ठेवली. ऐंशी म्हणजे वीस पत्रं. एकविसाव्याला फाटकावरच्या माणसाची पटाशी लागलीच नव्हती. आतून बाहेर येणारं एकही पत्र चिरा पडल्याशिवाय सुटत नव्हतं, मग हे कसं सुटलं?

"हे कोणतं पत्र?" बापाने विचारलं.

"दारात उभी आहे म्हणते, ते."

लिपीवाल्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. "फाटकातून गेलंच नाही हे," त्या म्हणाल्या, स्वतःशीच बोलल्यासारख्या. "पाठवलंच नाही. तिने स्वतःच... अहो, मी काय लिहून ठेवलं तिच्याबद्दल? ताप, भ्रम! आणि बाई आपली सरळ सांगतेय, घसा बसलाय म्हणून!"

"दाराखालून सरकवलं," डिंकी म्हणाली. तिला सगळं दिसत होतं. साथ संपलेली, फाटक उघडलेलं. औषधवाली चालत चालत नदी ओलांडून आलेली, महिनोन् महिने धुरात काढल्याने घशातून आवाज फुटत नाही. दार ठोठावलं तर आत एकटी पोर भिईल, कोण आलं म्हणून. म्हणून तिथेच उंबऱ्यावर बसून दोन ओळी लिहिल्या. अक्षर तर पोरीच्या ओळखीचं होतं. फटीतून कागद सरकवला आणि उभी राहिली.

बापाने पत्र सरळ फिरवलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच अक्षरं त्याच्याकडे तोंड करून होती, आणि आता ती त्याला दिसत नव्हती. तो त्यांच्यावरून नुसता हात फिरवत राहिला. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि डिंकीने त्याला रडू दिलं. आईने बजावलं होतं खरं, पण हे रडणं आईला चाललं असतं.

संध्याकाळी ती त्याला घरी घेऊन आली. जिना चढताना तो प्रत्येक पायरीवर थांबत होता. दिवसभर बोलून आणि रडून त्याचा घसा पार बसला होता. वर पोचल्यावर डिंकी बेल वाजवणार, तर त्याने तिचा हात धरला आणि दाराला नुसता तळवा टेकवून उभा राहिला.

आईने आतून पावलं ऐकलीच असणार. दुपारपासून ती दाराच्या मागेच असावी. दार उघडलं, आधी नवऱ्याचा चेहरा बघितला, त्याचे लाल डोळे बघितले आणि लेकीवर भडकणार तेवढ्यात तो बसक्या आवाजात म्हणाला, "अगं, ती आली होती. पोचली घरी."

आईने त्याच्याकडे बघितलं, मग डिंकीकडे बघितलं. कोण आली हे तिने विचारलं नाही. खांद्यावरच्या पंच्याने त्याचं तोंड पुसलं आणि दार सबंध उघडून म्हणाली, "मग असे दारात काय उभे राहिलात? या ना आत."